रात्रीचा रन दोनदा होतोय, विक्री दुप्पट दिसतेय: आधी दोन रनमधलं अंतर मोजा

सकाळी डॅशबोर्ड उघडला की कालच्या विक्रीचा आकडा बरोबर दुप्पट. सव्वापट नाही, दीडपट नाही, दुप्पट. पाइपलाइनच्या (डेटा आपोआप एका जागेहून दुसरीकडे चढवणाऱ्या कामाच्या) यादीत जाऊन बघावं तर सगळं हिरवंगार. एकही रन, म्हणजे पाइपलाइनची एकही फेरी, फेल नाही, रात्री कुणाला अलर्ट आलेला नाही. कुणीतरी टेबलमधल्या जास्तीच्या ओळी उडवतं, आकडा जुळतो, सगळे आपापल्या कामाला लागतात. मग महिनाअखेरीला, नाहीतर ऐन सणाच्या तोंडावर, तेच पुन्हा.

क्लाउडवरच्या पाइपलाइन्स वेब एपीआयने, म्हणजे कोडमधून इंटरनेटवर विनंत्या पाठवून, बाहेरून चालवणाऱ्या टीम्सना हा त्रास ओळखीचा आहे. मी मुंबईत ज्या टीमबरोबर काम करते, तिथे दूध, दही, पनीर, मिठाई विकणाऱ्या दुकानांची विक्री रात्री क्लाउडवर चढते आणि पहाटे त्याच आकड्यांवरून गोरेगावच्या डेपोतून कुठल्या दुकानाला किती माल निघायचा ते ठरतं. दादरच्या दुकानात चाळीस किलो श्रीखंड खपलं आणि रिपोर्टने ऐंशी दाखवलं, तर गाडी ऐंशीच्या हिशोबाने भरली जाते. हा माल पडून राहिला की खराब होतो, फेकावा लागतो. त्यामुळे ‘आकडाच तर चुकलाय, दुपारपर्यंत दुरुस्त करू’ हे मला कधीच पटलेलं नाही.

पुढचं सगळं लिहिताना कुठलाही एक प्लॅटफॉर्म धरलेला नाही. जिथे प्लॅटफॉर्मनुसार फरक पडतो तिथे नाव घेऊन सांगितलं आहे.

क्वेरीला हात लावण्याआधी

आकडा फुगला की पहिला संशय जॉइनवर (क्वेरीत दोन टेबलं जोडण्यावर) जातो. पण चुकलेला जॉइन आकडा सहसा असा नेमका दुप्पट करत नाही, तो काही दुकानांचा तिप्पट करतो, काहींचा तसाच ठेवतो. शिवाय तो रोज चुकतो. मधूनच एखाद्या दिवशी, सगळ्या दुकानांचा, नेमका दुप्पट आकडा आला तर एकच काम दोनदा झालं आहे असं समजून चाला आणि थेट रनच्या इतिहासात जा.

तिथे त्या रात्रीचे रन काढा आणि तीन गोष्टी लिहून घ्या: रन कधी तयार झाला, तो कुणी सुरू केला, आणि त्याला कुठली पॅरामीटर्स (तारखेसारखी माहिती) दिली होती. एकाच तारखेचे दोन रन दिसले की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं म्हणजे त्या दोन रनमधलं अंतर. हे अंतर फार बोलकं असतं, आणि नेमकं तेच कुणी बघत नाही.

एका रात्रीचं उदाहरण घेऊ. रन ट्रिगर करणाऱ्या, म्हणजे सुरू करणाऱ्या, स्क्रिप्टच्या लॉगमध्ये भारतीय वेळेनुसार हे होतं:

२२:३०:०० रन सुरू करण्याची विनंती पाठवली
२२:३०:३० टाइमआउट, उत्तर नाही
२२:३०:३१ प्रयत्न दुसरा, विनंती पाठवली
२२:३०:३३ उत्तर २०० (यशस्वी), रन आयडी मिळाला

आणि प्लॅटफॉर्मच्या इतिहासात, यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत), हे:

१७:००:०६ रन तयार
१७:००:३२ रन तयार

यूटीसीत साडेपाच तास मिळवा, म्हणजे दोन्ही कागद एका वेळेवर येतील. पहिली विनंती पोचली होती. सहाव्या सेकंदाला तिच्यातून रन तयारही झाला. फक्त ‘झालं’ हा निरोप स्क्रिप्टपर्यंत आला नाही. तीस सेकंद वाट बघून स्क्रिप्टने तीच विनंती पुन्हा धाडली आणि दुसरा रन उभा राहिला. स्क्रिप्टच्या दृष्टीने रन एकच, कारण तिच्याकडे आयडी एकच. पहिला रन बेवारस, पण कामाला पक्का: त्याने आपला डेटा व्यवस्थित चढवला.

टाइमआउट म्हणजे नकार नव्हे

दुकानात यूपीआयने पैसे भरले, आपल्या खात्यातून गेले, पण दुकानदाराच्या स्पीकरवर आवाज आला नाही, तर आपण लगेच दुसऱ्यांदा पैसे पाठवत नाही. आधी व्यवहार तपासतो. टाइमआउट झालेल्या विनंतीचंही तसंच आहे. विनंती वाटेतच हरवली, की पोचली, काम झालं आणि उत्तर हरवलं, या दोन्ही गोष्टी पाठवणाऱ्याला अगदी सारख्याच दिसतात. गेटवेकडून ५०२ किंवा ५०४ हा एरर कोड आला तरी तेच: मधल्या सर्व्हरला उत्तर मिळालं नाही एवढंच कळतं, मागच्या सर्व्हरने काय केलं ते कळत नाही.

या वेब विनंत्या ज्या नियमांनी जातात त्या एचटीटीपीचं मानक याबाबत स्पष्ट आहे. जून २०२२ मधल्या आरएफसी ९११० नुसार गेट (माहिती मागणं), पुट (दिलेली माहिती ठेवणं) आणि डिलीट (काढून टाकणं) या पद्धती अशा आहेत की त्या एकदा वापरा किंवा चारदा, सर्व्हरवरचा अपेक्षित परिणाम एकच. पोस्ट (नवं काम पाठवणं) त्यात बसत नाही. आणि रन सुरू करणारी विनंती जवळपास सगळीकडे पोस्टच असते. अशी विनंती आपोआप पुन्हा पाठवू नये, असं तेच मानक सांगतं, अपवाद फक्त तेव्हा जेव्हा पुन्हा पाठवणं निर्धोक असल्याची किंवा पहिली लागूच झाली नसल्याची खात्री असते.

लायब्ररी लिहिणाऱ्यांनी हे पाळलेलं आहे. पायथनच्या यूआरएललिब३ या लायब्ररीतली रिट्रायची (पुन्हा प्रयत्न करण्याची) सोय घ्या. कनेक्शनच जुळलं नाही तर ती कुठल्याही पद्धतीची विनंती पुन्हा पाठवते, कारण तेव्हा विनंती पोचलेलीच नसते. पण विनंती गेल्यावर उत्तर वाचताना अडचण आली, तर पोस्टला ती मुळात हात लावत नाही. परवानगी असलेल्या पद्धतींच्या यादीत पोस्ट नसतेच. मग आपल्या स्क्रिप्टमध्ये ती कशी घुसते? इंटरनेटवरून उचललेल्या तुकड्यात कुणीतरी ती यादी मोकळी करून ठेवलेली असते, किंवा हाताने लिहिलेल्या लूपमध्ये ‘कुठलीही एरर आली तर तीनदा प्रयत्न कर’ असं असतं. कोडमध्ये आधी ही जागा शोधा.

ती एकाच ठिकाणी असेल असंही समजू नका. लूप तीन प्रयत्न करतो, ठरल्या वेळी ती स्क्रिप्ट चालवणारा शेड्युलर फेल झालेलं काम तीनदा चालवतो, आणि मधला गेटवेही आपल्या परीने तीनदा धडपडतो. वाईटात वाईट रात्री एका रनसाठी सत्तावीस विनंत्या जाऊ शकतात. रिट्राय एकाच थरावर ठेवा, बाकीचे बंद करा. माझं मत विचाराल तर तो थर स्क्रिप्टचा असावा, कारण व्यवहाराची तारीख तिलाच माहीत असते.

महिनाअखेर आणि सणासुदीलाच हे का होतं, त्याचंही उत्तर इथे आहे. त्या रात्री सगळ्यांचेच रन एकाच वेळी सुटतात, उत्तरं रेंगाळतात आणि एरवी चार सेकंदांत येणारं उत्तर तिसाव्या सेकंदाच्या पलीकडे जातं. डेटा मुंबईतल्याच रीजनमध्ये असला, अंधेरीच्या ऑफिसपासून हाकेच्या अंतरावर असला, तरी त्याचा इथे उपयोग नाही. वेळ रस्त्यात जात नसतो, रन तयार करण्यात जात असतो.

अंतर तासाभराचं असेल तर

दोन रनमध्ये अर्ध्या मिनिटाऐवजी तासाभराचं, सव्वा तासाचं अंतर दिसलं तर कारण वेगळं आहे, आणि ते सापडायला जास्त वेळ लागतो. इथे थोडं थांबून वाचा.

ट्रिगर करणारी स्क्रिप्ट बहुतेक वेळा दोन कामं करते. रन सुरू करते, आणि मग दर मिनिटाला ‘संपला का?’ विचारत बसते. विचारताना तिला टोकन (ठराविक वेळ चालणारा डिजिटल परवाना) लागतं. गूगल क्लाउडचं ॲक्सेस टोकन साधारणपणे एक तास चालतं. मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युरमध्ये ते ६० ते ९० मिनिटांच्या दरम्यान कुठेतरी संपतं. ॲमेझॉनच्या एडब्ल्यूएसमध्ये रोल (परवानग्यांचा ठरलेला संच) धारण करून मिळवलेली तात्पुरती ओळख, वेगळं काही सांगितलं नसेल तर, तासाभराची असते. स्क्रिप्टने सुरुवातीला एकदाच टोकन घेऊन ठेवलं असेल तर एरवी काहीच बिघडत नाही, कारण रन पन्नास मिनिटांत आटोपतो.

गणपतीच्या आदल्या दिवशी मात्र विक्री वाढते, रन सत्तर मिनिटांवर जातो. तासाभराने स्थिती विचारणाऱ्या विनंतीला सहसा ४०१ (ओळख पटली नाही) येतो. रन आपला मजेत चालू आहे, फक्त आपल्याला विचारायची परवानगी उरलेली नाही. पण स्क्रिप्ट त्याला एरर समजते आणि बाहेर पडते. वरचा शेड्युलर म्हणतो काम फेल झालं, तो स्क्रिप्ट पहिल्या ओळीपासून चालवतो. नवं टोकन, नवी पोस्ट, नवा रन. पहिला अजून लिहितोच आहे.

हे ओळखायची खूण सोपी आहे: दुसरा रन सुरू झाला त्या क्षणाला पहिला रन ‘चालू’ स्थितीत असतो आणि स्क्रिप्टच्या लॉगमध्ये त्याच्या जरा आधी ४०१ असतो.

उपायात दोन गोष्टी येतात आणि दोन्ही लागतात. ४०१ आल्यावर टोकन एकदा नव्याने घ्या आणि तीच स्थितीची विनंती पुन्हा पाठवा. ही सहसा गेट विनंती असते, ती बिनधास्त पुन्हा पाठवता येते. काही ठिकाणी क्लाउडची स्वतःची क्लायंट लायब्ररी टोकन आपोआप ताजं करते, मग हाताने घेतलेलं टोकन स्ट्रिंगमध्ये धरून ठेवण्याची सवय सोडा. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ट्रिगर आणि पाहणी ही दोन कामं वेगळी करा. रन आयडी मिळाल्या मिळाल्या तो टेबलमध्ये लिहून ठेवा, मेमरीत नको. स्क्रिप्ट पुन्हा सुरू झाली की तिने आधी ते टेबल बघावं. आजच्या तारखेचा आयडी असेल तर पोस्टच्या वाटेला न जाता थेट पाहणीला बसावं.

एकाच सेकंदाला दोन रन

अंतर शून्य किंवा दोन-तीन सेकंद असेल तर बहुधा रिट्रायचा दोष नाही. दोन माणसं, नाहीतर दोन घड्याळं, एकच बटण दाबत आहेत. जुन्या सर्व्हरवरचं क्रॉन (ठरल्या वेळी काम सुरू करणारी सोय) बंद करायचं राहून गेलंय आणि नव्या प्लॅटफॉर्मवरचं वेळापत्रकही चालू आहे, हे सगळ्यात जास्त दिसतं. एक सर्व्हर पडला तर दुसरा असावा म्हणून दोन सर्व्हर ठेवले आणि क्रॉन दोन्हीकडे राहिलं, हे त्याच्या खालोखाल.

गूगल क्लाउडच्या डेटा पाइपलाइन्स एपीआयमध्ये रन ही पद्धत मुळात अंतर्गत वेळापत्रक लावलेलं नसताना, बाहेरून काम सुरू करण्यासाठी आहे. वेळापत्रक आणि बाहेरचा ट्रिगर दोन्ही ठेवले तर दोन्ही इमानदारीने चालतात. त्याच एपीआयमधली स्टॉप ही पद्धत मात्र जपून वापरा. नावावरून ती ‘आजच्यापुरतं थांबव’ अशी वाटते. प्रत्यक्षात ती पाइपलाइन कायमची गोठवते, वेळापत्रकाची नोंद काढून टाकते आणि पाइपलाइन संग्रहित स्थितीत जाते. माहिती शिल्लक राहते, पण उद्या रात्रीचा रन होत नाही. रात्री अकराला, दुप्पट रन दिसले म्हणून घाईत ही पद्धत मारू नका.

किल्ली आपली, प्रयत्न कितीही

आता मुख्य उपाय. प्रत्येक रनला आपण स्वतः ठरवलेलं नाव द्यायचं, आणि ते नाव पाइपलाइन व व्यवहाराची तारीख यांवरून बनवायचं. उदाहरणार्थ ‘दैनिक-विक्री-२०२५-०८-२६’. हे नाव म्हणजेच आपली किल्ली: विनंती एकदा गेली काय किंवा पाचदा, नाव तेच. मग प्लॅटफॉर्मला स्वतःला कळतं की हे काम आधीच घेतलेलं आहे.

इथे एक चूक सतत दिसते: नावाच्या जागी दर वेळी नवा यादृच्छिक आयडी बनवला जातो, आणि तोही रिट्रायच्या लूपच्या आत. मग प्रत्येक प्रयत्नाची किल्ली वेगळी आणि कुलूप असून नसल्यासारखं. आत्ताची वेळही नावात घालू नका. तारीख घालायची ती विक्रीची, विनंती पाठवल्याची नव्हे.

प्लॅटफॉर्म हे कसं हाताळतात यात मोठा फरक आहे. डेटाब्रिक्समध्ये रन सुरू करताना आयडेम्पोटन्सी टोकन (तीच विनंती पुन्हा आली हे ओळखण्याची खूण) देता येतं, जास्तीत जास्त ६४ अक्षरांचं. त्याच टोकनाचा रन आधीच असेल तर नवा न बनवता जुन्याचाच आयडी परत येतो. मला ही पद्धत सगळ्यात आवडते, कारण आपल्या कोडला वेगळं काही करावं लागत नाही.

एअरफ्लोमध्ये डॅग रन आयडी (तिथे पाइपलाइनला डॅग म्हणतात) आपण देऊ शकतो. नाही दिला तर तो वेळेवरून बनतो, म्हणजे प्रत्येक प्रयत्नाला वेगळा. दिला आणि तसा रन आधीच असला तर ४०९ (आधीच आहे) येतो. हा ४०९ आपल्याला हवाच आहे. त्याला एरर समजून अलर्ट पाठवू नका. त्याचा अर्थ ‘तुमचा पहिला निरोप पोचला होता’ एवढाच. तो आला की त्या आयडीची स्थिती विचारा आणि पुढे जा.

एडब्ल्यूएसच्या स्टेप फंक्शन्समध्ये स्टँडर्ड प्रकारच्या कामाला नाव देऊन सुरू केलं, आणि त्याच नावाचं, त्याच इनपुटचं काम चालू असेल, तर पहिल्यासारखंच उत्तर मिळतं, नवं काम उभं राहत नाही. काम संपलेलं असेल किंवा इनपुट बदललं असेल तर ‘आधीच आहे’ अशी एरर येते. नाव ९० दिवसांनी पुन्हा वापरता येतं. एक्सप्रेस प्रकाराला हे संरक्षण नाही. स्टँडर्ड वापरताना इनपुटमध्ये ‘विनंती पाठवल्याची वेळ’ असलं काही घालू नका. इनपुट बदललं की चालू कामालाही एरर येणार.

ॲझ्युर डेटा फॅक्टरीत रन सुरू करण्याची प्रत्येक विनंती नवा रन आयडी घेऊन येते. तिथे आधी विचारायचं: ठराविक वेळेच्या पट्ट्यातले त्या पाइपलाइनचे रन मागवा, प्रत्येकाची पॅरामीटर्स बघा, आपली तारीख त्यात आहे का ते तपासा. यादी पानापानांनी येते, पुढच्या पानाची खूण (तिलाही टोकनच म्हणतात) आली तर पुढचं पानही वाचा. पहिल्या पानावर दिसला नाही म्हणून ‘रन नाही’ असा निष्कर्ष काढणारा कोड मी बऱ्याच ठिकाणी पाहिला आहे. वेळेचा पट्टा यूटीसीत द्या. आणि तिथली एकाच वेळी एकच रन ही मर्यादा लावून हा प्रश्न सुटत नाही: दुसरा रन रांगेत थांबतो आणि पहिला संपला की चालतो. आकडा दुप्पट व्हायचा तो होतोच, फक्त थोडा उशिरा.

एडब्ल्यूएस ग्लूमध्ये एका वेळी किती रन चालतील याची मर्यादा सुरुवातीला एक असते आणि दुसरी विनंती सरळ नाकारली जाते. त्यामुळे तिथे हा त्रास बराच काळ झाकलेला राहतो. मग कुणीतरी वेगवेगळ्या शहरांचे रन एकदम चालावेत म्हणून ती मर्यादा पाचावर नेतं, आणि त्या महिन्यापासून दुप्पट आकडे सुरू होतात. ग्लू वापरत असाल तर ही मर्यादा कधी बदलली ते आधी शोधा.

प्लॅटफॉर्मकडे किल्ली नसेल तर आपली वही

आधी विचारून मग ट्रिगर करणं पुरेसं नसतं. नुकताच तयार झालेला रन यादीत यायला काही क्षण लागू शकतात, आणि दोन स्क्रिप्ट एकाच वेळी विचारत असतील तर दोघींनाही ‘नाही’ असं उत्तर मिळून दोघीही पुढे जातात. म्हणून एक साधं टेबल ठेवा. त्यात पाइपलाइनचं नाव, विक्रीची तारीख, स्थिती, रन आयडी, वेळ. पहिल्या दोन रकान्यांवर मिळून युनिक बंधन (तीच जोडी दोनदा येऊ न देणारं) घाला. पोस्ट करण्याआधी या टेबलमध्ये ‘पाठवतोय’ अशी नोंद करायची. नोंद झाली तरच पोस्ट करायची. आधीच नोंद असेल तर मागे फिरायचं. पोस्टग्रेसमध्ये इन्सर्टला ‘टक्कर झाली तर काही करू नको’ असं सांगता येतं, आणि किती ओळी गेल्या ते बघून निर्णय घेता येतो.

टाइमआउट झाला की नोंद ‘माहीत नाही’ अशी करायची. ही तिसरी स्थिती बहुतेक टेबलांत नसते, आणि तीच सगळ्यात गरजेची आहे. ‘झालं’ आणि ‘फेल’ या दोनच खणांत टाइमआउट बसवायचा म्हटलं की तो ‘फेल’मध्ये जाऊन पडतो आणि तिथून पुढे सगळं बिघडतं. ‘माहीत नाही’ असलेल्या नोंदीसाठी दोन-तीन मिनिटं थांबून प्लॅटफॉर्मची यादी बघा. रन सापडला तर आयडी लिहा. नाही सापडला तरच पुन्हा पोस्ट करा.

चढवण्याची रीत बदला

ट्रिगर कितीही चोख केला तरी एखाद्या रात्री माणूसच हाताने रन मारणार आहे. बोरिवलीहून निघालेल्या लोकलमध्ये, मोबाइलच्या नेटवर, व्हीपीएन तुटत असताना कुणी बटण दाबलं आणि काहीच हललं नाही तर तो पुन्हा दाबणारच. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. म्हणून डेटा टेबलच्या शेवटी नुसता जोडत जाण्याऐवजी त्या तारखेचा पूर्ण तुकडा बदलावा. एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं होतं, नाहीतर काहीच होत नाही) त्या तारखेच्या जुन्या ओळी काढायच्या, नव्या घालायच्या. गूगलच्या बिगक्वेरीत त्या तारखेच्या पार्टिशनवर (टेबलच्या तुकड्यावर) पुसून लिहिण्याची सोय आहे. शिवाय तिथे जॉब आयडी आपण देऊ शकतो, आणि तोच आयडी पुन्हा आला तर ४०९ मिळतो.

तुमच्याकडे एकाच कामाला वेळ असेल तर हेच आधी करा. ट्रिगर नंतर सुधारता येईल. चढवण्याची रीत बरोबर असेल तर दोनदा झालेल्या रनने फक्त क्लाउडचं बिल वाढतं, श्रीखंड वाढत नाही.

आज सकाळी आकडा दुप्पट आहे, आत्ता काय

सगळ्यात आधी ज्यांच्या हातात तो आकडा आहे त्यांना कळवा. आमच्याकडे बऱ्याचदा उलटच होतं, डेपोतूनच फोन येतो. “ताई, दादरला एवढं श्रीखंड खरंच गेलं का काल?” अशा वेळी उत्तर एकच असतं: “काका, गाडी भरू नका, परवाच्या आकड्यावर थांबा, मी फोन करते.” दुरुस्ती नंतर.

दुरुस्ती करताना ‘सारख्या ओळी एकदाच ठेवा’ ही क्वेरी चालवू नका. एकाच बिलावर अर्धा लिटर दुधाच्या दोन पिशव्या दोन वेगळ्या ओळींत असतात, दोन्ही ओळी अक्षर न अक्षर सारख्या. त्या क्वेरीने खरी विक्रीही कापली जाते, आणि आता आकडा कमी आल्याचं कुणाच्या लक्षातही येत नाही. प्रत्येक ओळीवर रन आयडीचा रकाना असेल तर बेवारस रनच्या ओळी नेमक्या उचलून काढता येतात. तो रकाना नसेल तर त्या तारखेचा पूर्ण तुकडा काढा आणि स्रोतातून एकदा नव्याने चढवा. रकाना आजच वाढवून ठेवा.

दुसरा रन अजून चालू असेल तर तो रद्द करण्याआधी त्याने लिहायला सुरुवात केली आहे का ते बघा. नुसतं जोडत जाणाऱ्या लोडमध्ये अर्ध्यावर तोडलेला रन दीडपट आकडा ठेवून जातो, आणि मग निदान आणखी अवघड होतं.

दिसतं असंच, पण कारण तारखेचं

एक दिवस दुप्पट आणि शेजारचा दिवस कोरा असेल तर रिट्राय विसरा. रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळेत यूटीसीत अजून कालचीच तारीख असते. १५ तारखेला रात्री एक वाजता सुटलेल्या रनने ‘काल’ यूटीसीत काढला तर तो १३ तारीख धरतो. तोच रन सकाळी सहाला हाताने मारला तर १४. म्हणजे कुठली तारीख चढणार हे रन किती वाजता सुटला त्यावर ठरतं. डेटा पाइपलाइन्स एपीआयसह अनेक ठिकाणी टाइमझोन रिकामा सोडला की यूटीसी धरला जातो, तिथे एशिया/कोलकाता स्पष्ट लिहा. आणि तारीख पाइपलाइनला आत काढू देऊ नका, बाहेरून पॅरामीटर म्हणून द्या.

बाकी रिट्राय कशावर करायचा याचा घोळ घालण्यासारखं फारसं नाही. ४२९ (फार विनंत्या झाल्या) आला तर किती वेळ थांबायचं ते बहुतेकदा उत्तराच्या हेडरमध्ये येतं, तेवढं थांबा. ५०३ (सेवा सध्या उपलब्ध नाही) वर थोडं थांबत, दर वेळी थांबण्याचा वेळ वाढवत जा. ४००, ४०३, ४०४ (विनंती चुकीची, परवानगी नाही, सापडलं नाही) वर पुन्हा प्रयत्न करून काही बदलत नाही.

दुरुस्ती खरंच लागली का, हे कसं बघायचं

सणाची वाट बघू नका. स्टेजिंगवर (चाचणीच्या वेगळ्या सेटअपवर) हाच प्रसंग मुद्दाम घडवता येतो. पायथनच्या रिक्वेस्ट्स लायब्ररीत जोडणीचा आणि उत्तर वाचण्याचा टाइमआउट वेगवेगळे देता येतात. आणि ध्यानात ठेवा, टाइमआउट दिलाच नाही तर ती लायब्ररी थांबूनच राहते. जोडणीला नेहमीचे पाच सेकंद द्या आणि उत्तर वाचायला फक्त एक मिलिसेकंद. विनंती नीट पोचेल, रन तयार होईल, पण उत्तर यायच्या आत स्क्रिप्ट हात झटकेल. आपल्याला हवा तोच प्रसंग, हवा तेव्हा. स्क्रिप्टचे सगळे प्रयत्न होऊ द्या आणि मग प्लॅटफॉर्मवर त्या तारखेचे रन मोजा. एकच असेल तर किल्ली काम करतेय. तासाभराच्या प्रकारासाठी टोकन मुद्दाम खराब करून पाहणीच्या मधोमध ४०१ आणवा आणि स्क्रिप्ट पुन्हा सुरू केल्यावर ती पोस्टकडे वळते का ते बघा.

शेवटी एक छोटी तपासणी कायमची लावून ठेवा. रोज पहाटे, डेपोला रिपोर्ट जायच्या आधी, कालच्या विक्रीच्या तारखेला यशस्वी झालेल्या रनची संख्या आणि टेबलमधले वेगवेगळे रन आयडी मोजायचे. दोन्ही आकडे नेमके १ असायला हवेत. नसतील तर रिपोर्ट रोखायचा आणि ड्यूटीवरच्या माणसाला फोन जायला हवा, ईमेल नाही. पहाटे चारला ईमेल कुणी वाचत नाही आणि गाड्या साडेपाचला भरायला लागतात.